सिग्नेचरमधला लोगो माझ्याकडे दिसतो, समोरच्याकडे का दिसत नाही?

तुमची तक्रार थोडक्यात अशी आहे. कंपनीच्या मेलच्या सिग्नेचरमध्ये लोगो टाकला आणि तुमच्या पडद्यावर तो झकास दिसतो. पण एका ग्राहकाला त्या जागी रिकामी चौकट दिसते. दुसऱ्याला प्रत्येक मेलसोबत अटॅचमेंटचं चिन्ह आणि ‘इमेज००१’ नावाची फाइल मिळते. तिसऱ्याकडे लोगो अर्धा पडदा व्यापतो, आणि मोबाइलवरून पाठवलेल्या मेलमध्ये तो मुळी नसतोच. यातल्या पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. लोगोची फाइल नेमकी कुठे राहणार, हा निर्णय तुमच्या मेल प्रोग्रामने तुम्हाला न विचारता घेऊन टाकलेला असतो. म्हणून आधी तेवढं समजून घेऊ, मग बटणं कुठे आहेत ते पाहू.

मेलमध्ये चित्र जाण्याचे खरे रस्ते दोन. पहिल्यात मेलमध्ये चित्र नसतंच, फक्त त्याचा इंटरनेटवरचा पत्ता असतो. वाचणाऱ्याने मेल उघडला की त्याचा प्रोग्राम त्या पत्त्यावर जाऊन चित्र आणतो. याला लिंक केलेलं चित्र म्हणू. दुसऱ्यात चित्राची फाइल मेलच्या पोटात बसून जाते. तिला एक आतला ओळखक्रमांक दिलेला असतो आणि मजकुरात ‘या क्रमांकाचं चित्र इथे दाखव’ अशी सूचना असते. हा सीआयडी प्रकार, म्हणजे एम्बेड केलेलं चित्र. ही पद्धत १९९८ पासून प्रमाणित आहे, त्यामुळे आजचे जवळपास सगळे प्रोग्राम ती समजतात. मात्र अशा फाइलला अटॅचमेंट म्हणून दाखवायचं की नाही, हे प्रत्येक जण आपापल्या मर्जीने ठरवतो.

आता गंमत बघा. जीमेलच्या वेब आवृत्तीत तुम्ही लोगो अपलोड करता तेव्हा तो गूगलच्या सर्व्हरवर जातो आणि तुमच्या मेलमधून फक्त लिंक जाते. आउटलुकची जुनी, म्हणजे ‘क्लासिक’ डेस्कटॉप आवृत्ती आणि ॲपल मेल मात्र तोच लोगो मेलमध्ये एम्बेड करून पाठवतात. म्हणजे एकाच कंपनीतले दोघे जण एकच फाइल वापरत असले, तरी त्यांच्या ग्राहकांना दोन वेगळे अनुभव येतात. रिकामी चौकट दिसते ती पहिल्या रस्त्यामुळे, कारण कित्येक ठिकाणी बाहेरची चित्रं आपोआप उतरवणं बंद असतं. अशा चित्रांवरून मेल कधी उघडला याचा माग काढता येतो, म्हणून ही खबरदारी घेतली जाते आणि ती रास्त आहे. ‘इमेज००१’ येते ती दुसऱ्या रस्त्यामुळे.

तिसरा एक रस्ता काही जण सुचवतात. चित्राचं मजकुरात रूपांतर करून ते थेट एचटीएमएलमध्ये, म्हणजे मेलची मांडणी सांगणाऱ्या कोडमध्ये, चिकटवायचं, म्हणजे डेटा यूआरआय. त्याच्या वाटेला जाऊ नका. जीमेल ते दाखवत नाही, क्लासिक आउटलुकही दाखवत नाही. शिवाय एचटीएमएल साधारण १०२ किलोबाइटच्या पुढे गेलं की जीमेल उरलेला मेल कापून ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी लिंक देतं, आणि मजकूर बनलेलं चित्र ही मर्यादा भराभर खातं.

मग लिंक की एम्बेड? माझा कल लिंककडे आहे. लिंकचा तोटा एकच, कधीकधी चित्र दिसत नाही. पण सिग्नेचर मुळातच अशी बांधली की लोगो नसला तरी काही बिघडत नाही, तर तो तोटा तिथेच संपतो. एम्बेडचा त्रास मात्र कितीही चांगलं डिझाइन केलं तरी जात नाही. प्रत्येक मेलला अटॅचमेंटचं चिन्ह लागलं की ज्या मेलला खरंच बिल किंवा करारनामा जोडलाय तो शोधताना समोरच्याची चिडचिड होते. बेस६४ नावाच्या पद्धतीने फाइल मेलमध्ये बसते तेव्हा ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे ३० किलोबाइटचा लोगो ४० किलोबाइट होतो. एका मेलला ते काहीच नाही. पण आठ जणांच्या सीसीमध्ये उत्तर-प्रत्युत्तरं सुरू झाली की त्याच लोगोच्या प्रती साठत जातात. आणि समोर तक्रार नोंदवणारी तिकीट प्रणाली असेल, तर ती तुमच्या प्रत्येक उत्तराबरोबर लोगोची फाइल वेगळी जतन करते. सपोर्टच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला विचारा, त्याच्याकडे तिकिटागणिक अशा फाइल पडून असतात, आणि मजकुरात चौकटी कंसातलं ‘सीआयडी, इमेज००१’ असलं काहीतरी उमटलेलं असतं.

दोन अपवाद मी मानतो. तुमचे बहुतेक मेल अशा मोठ्या संस्थांकडे जात असतील जिथे बाहेरची चित्रं कायमची बंद असतात, आणि लोगो दिसणं तुमच्यासाठी खरोखर महत्त्वाचं असेल, तर एम्बेड करा. दुसरा अपवाद क्लासिक आउटलुक. त्याचा ओढा चित्र मेलमध्ये घेण्याकडेच असतो आणि त्याच्याशी भांडण्यात दुपार जाते. तिथे मी एम्बेड स्वीकारतो आणि फाइल अगदी हलकी ठेवतो.

लिंक वापरायची तर फाइल ठेवायची कुठे, याला मात्र पर्याय कमी आहेत. स्वतःच्या संकेतस्थळावर, एचटीटीपीएस पत्त्यावर, सिग्नेचरसाठी म्हणून केलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये. नाव साधं, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. फोल्डर वेगळा का? कारण लिंक केलेले लोगो मरतात ते बहुधा संकेतस्थळाचं नूतनीकरण होतं तेव्हा. वर्डप्रेससारख्या प्रणालीत वर्ष आणि महिन्याच्या फोल्डरांत चित्रं जातात, मग कुणीतरी नवी थीम आणतो, जुन्या फाइल साफ करतो, आणि गेल्या कित्येक वर्षांच्या सगळ्या मेलमधला लोगो एका रात्रीत गायब होतो. ज्या फोल्डरला हात लावायचा नाही तो नावावरूनच कळला पाहिजे. सर्व्हरवर ‘हॉटलिंक प्रोटेक्शन’ चालू असेल, तर त्या फोल्डरपुरतं बंद करायला सांगा. ते बाहेरून चित्र मागणाऱ्याला नकार देतं, आणि ग्राहकाचा वेबमेल त्याच्या दृष्टीने बाहेरचाच.

गूगल ड्राइव्ह किंवा तत्सम ठिकाणची शेअर लिंक ही चित्राची लिंक नसते, ती चित्र दाखवणाऱ्या पानाची लिंक असते. ती सिग्नेचरमध्ये टाकून ‘चित्र का येत नाही’ असं विचारणारे फार. तुमचा पत्ता बरोबर आहे का हे तपासायचं साधन सोपं आहे. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, कुठेही लॉगिन करू नका आणि पत्ता टाका. फक्त लोगो दिसला, आजूबाजूला बटणं नाहीत, परवानगी मागितली नाही, तर पत्ता चालेल.

आता फाइलकडे वळू. डिझायनरकडून मूळ व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी स्वच्छ राहणारी) मागून घ्या आणि त्यातून पीएनजी काढा. व्हिजिटिंग कार्डाच्या पीडीएफवरून कापलेला किंवा संकेतस्थळाचा स्क्रीनशॉट घेतलेला लोगो कितीही निरखून कापला तरी कडांना मळकट दिसतोच. थेट एसव्हीजी, म्हणजे व्हेक्टर प्रकारचीच फाइल, टाकायचा मोह होईल, कारण तो कुठल्याही आकाराला स्वच्छ दिसतो. पण जीमेल आणि क्लासिक आउटलुक दोन्ही तो दाखवत नाहीत. वेबपी हा चित्राचा प्रकार जुन्या आउटलुकमध्ये चालत नाही. सपाट रंगांच्या लोगोला जेपीजी नको, अक्षरांभोवती धुरकट ठिपके येतात. छायाचित्रासारखा लोगो असेल तरच जेपीजी, आणि तेव्हा रंग आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीचे, आहेत ना हे बघा. छपाईसाठीची सीएमवायके फाइल काही ठिकाणी रंग बदलून दिसते, काही ठिकाणी दिसतच नाही. पीएनजी मर्यादित रंगांची, म्हणजे पीएनजी-८ म्हणून काढली, तर साधा लोगो १० किलोबाइटच्या आतही बसतो. ३० च्या पुढे गेला तर मी परत फाइल उघडून बघतो की आत काय दडलंय.

कुठला लोगो, हाही प्रश्नच आहे. बहुतेक कंपन्यांकडे पूर्ण लोगो असतो, म्हणजे चिन्ह, नाव, खाली घोषवाक्य. सिग्नेचरमध्ये त्याची रुंदी १२० ते १८० पिक्सेलच्या आसपास राहते आणि त्या आकारात घोषवाक्य म्हणजे मुंग्यांची रांग. घोषवाक्याशिवायची आवृत्ती घ्या. नाव शेजारी मजकुरात येणारच असेल, तर नुसतं चिन्हही पुरतं. मालकांना हे पटवणं अवघड जातं, त्यांना सगळं हवं असतं. त्यांना त्यांच्याच फोनवर तो मेल उघडून दाखवा, बहुधा दुसरा युक्तिवाद लागत नाही.

आकाराची गडबड समजून घेण्यासारखी आहे. आजचे फोन आणि बरेच लॅपटॉप एका पिक्सेलच्या जागी दोन किंवा तीन बारीक पिक्सेल वापरतात. म्हणून १५० पिक्सेल रुंद दिसायला हवा असलेला लोगो १५० चाच बनवला तर तो तिथे पुसट वाटतो. उपाय असा की फाइल दुप्पट, म्हणजे ३०० पिक्सेल रुंद बनवायची आणि एचटीएमएलमध्ये ‘१५० रुंदीने दाखव’ असं सांगायचं. हे सांगायचं कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. विंडोजवरचं क्लासिक आउटलुक २००७ पासून मेल दाखवण्यासाठी वर्डचं इंजिन वापरत आलंय, आणि हे इंजिन स्टाइलमध्ये, म्हणजे एचटीएमएलमधल्या सजावटीच्या सूचनांत, लिहिलेली रुंदी जुमानत नाही. त्याला इमेज टॅगवर, म्हणजे चित्र घालणाऱ्या कोडच्या तुकड्यात, थेट लिहिलेली विड्थ (रुंदी) लागते, तीही नुसत्या आकड्यात, पिक्सेलचं एकक न लावता. ती नसेल तर आउटलुक फाइल पूर्ण आकारात दाखवतं. तुमच्या तिसऱ्या ग्राहकाकडे अर्धा पडदा व्यापणाऱ्या लोगोचं हेच कारण असणार. म्हणून रुंदी टॅगवरही लिहायची आणि स्टाइलमध्येही.

उलटी तक्रारही येते, क्लासिक आउटलुकमधून पाठवलेला लोगो समोर धूसर दिसतो. तिथे तुम्ही चित्र घालून कोपरा ओढून लहान करता, तेव्हा पाठवताना आउटलुक त्याला ९६ डीपीआयला (इंचाला ९६ ठिपके) उतरवतं, आणि दुप्पट आकाराची सगळी मेहनत वाया जाते. जाणकार यावर असा मार्ग काढतात. सिग्नेचर एकदा सेव्ह केली की विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या आत ‘सिग्नेचर्स’ नावाचा फोल्डर तयार होतो. त्यात एचटीएम, आरटीएफ आणि टीएक्सटी अशा तीन फाइल आणि चित्रांचा एक उपफोल्डर असतो. आउटलुक बंद करून त्या उपफोल्डरमधलं चित्र त्याच नावाच्या दुप्पट आकाराच्या फाइलने बदलायचं आणि एचटीएम फाइलमध्ये विड्थ तपासायची. अडचण एवढीच की नव्या आवृत्त्यांत सिग्नेचर क्लाउडमध्येही साठवली जाते आणि तिथली प्रत तुमच्या हातच्या दुरुस्तीवर पुन्हा येऊन बसू शकते. यासाठी प्रत्येकाने इतकं खोलात जावं असं मला वाटत नाही. लोगो साधा, ठळक असेल तर एकपट आकारातही चालून जातो.

प्रत्यक्ष टाकण्याची कृती तुलनेने सोपी आहे. जीमेलमध्ये वरच्या दातेरी चाकावरून ‘सी ऑल सेटिंग्ज’, मग ‘जनरल’ पानावर खाली ‘सिग्नेचर’. नवी सिग्नेचर तयार करून चित्राच्या चिन्हावर क्लिक केलं की ड्राइव्ह, अपलोड आणि वेब पत्ता असे पर्याय येतात. ड्राइव्हमधलं चित्र निवडलं तर ते सर्वांसाठी खुलं असावं लागतं, नाहीतर ते फक्त तुम्हाला दिसेल, आणि तुमच्या मेलचे तुम्हीच एकटे वाचक नसता. चित्र आलं की त्यावर क्लिक करून लहान, मध्यम, मोठा किंवा मूळ आकार निवडता येतो, पण नेमका १५० पिक्सेल असा सांगता येत नाही. तिथे ही युक्ती कामी येते. संपूर्ण सिग्नेचर एका छोट्या एचटीएमएल फाइलमध्ये लिहा, ज्यात लोगोचा इंटरनेटवरचा पत्ता आणि विड्थ असेल. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा, सगळं निवडून कॉपी करा आणि जीमेलच्या चौकटीत पेस्ट करा. रुंदी टिकते. चौकटीखाली नव्या मेलसाठी आणि उत्तरांसाठी कुठली सिग्नेचर, हे वेगवेगळं निवडायचं असतं. ते राहून गेलं तर सिग्नेचर बनते पण मेलमध्ये येत नाही. पानाच्या तळाशी ‘सेव्ह चेंजेस’ आहे, आणि तिथपर्यंत न गेल्यामुळे सगळं परत करावं लागणाऱ्यांची संख्या मोठी आहे. लिहिण्याच्या खिडकीत ‘प्लेन टेक्स्ट मोड’ चालू असेल तर लोगो येणार नाही, हेही बघून घ्या.

क्लासिक आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, मेल, सिग्नेचर्स. नव्या आउटलुकमध्ये आणि वेबवर सेटिंग्जमधल्या सिग्नेचर विभागात तशीच चौकट मिळते. क्लासिकमध्ये एक गोष्ट आवर्जून करा, चित्रावर राइट क्लिक करून त्याचा आल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्र न दिसल्यास त्या जागी येणारा मजकूर, स्वतः लिहा. ऑफिस स्वतःहून चित्राचं वर्णन भरतं, आणि मग लोगो न दिसणाऱ्या ग्राहकाला कंपनीच्या नावाऐवजी ‘अ क्लोज अप ऑफ अ साइन’ असलं इंग्रजी वाक्य वाचायला मिळतं. असे मेल मला अजूनही येतात.

ॲपल मेलमध्ये सेटिंग्जच्या सिग्नेचर विभागात चित्र ओढून टाकता येतं. ‘ऑलवेज मॅच माय डिफॉल्ट मेसेज फाँट’ ही खूण काढून टाका, नाहीतर मजकुराची मांडणी विस्कटते. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्जमध्येच सिग्नेचर असते. तिथे ‘यूज एचटीएमएल’ वर खूण करा किंवा तयार एचटीएमएल फाइल जोडून द्या.

आता मोबाइल. जीमेलच्या ॲपमध्ये सिग्नेचर फक्त मजकुराची असते, चित्र टाकण्याची सोयच नाही. आयफोनच्या मेल ॲपमध्ये चित्राचं बटण नाही, पण संगणकावरून स्वतःला पाठवलेल्या मेलमधली सिग्नेचर कॉपी करून तिथे पेस्ट करता येते. पेस्ट केल्यावर रंग आणि लिंकचं रूप बदललं तर फोन हलवून तो बदल मागे घ्यायचा, मूळ मांडणी परत येते. हे चमत्कारिक वाटतं पण चालतं. तरी माझं मत विचाराल तर फोनवरून पाठवलेल्या मेलला लोगो नसला म्हणून काहीही अडत नाही. नाव, कंपनी, फोन नंबर एवढं असलं की पुरे.

सिग्नेचर लोगोशिवाय उभी राहिली पाहिजे असं मी वर म्हटलं, त्याची कृती अशी. नाव, पद, कंपनीचं नाव, फोन, संकेतस्थळ हे सगळं खऱ्या मजकुरात असू द्या. लोगोला आल्ट टेक्स्ट म्हणून फक्त कंपनीचं नाव द्या. ‘लोगो’, ‘फायनल’, ‘नवीन’ असले फाइलच्या नावातून आलेले शब्द नकोत. मग सेटिंगमध्ये बाहेरची चित्रं बंद करून स्वतःचाच मेल उघडा. लोगोच्या जागी कंपनीचं नाव दिसतंय, मजकूर जागच्या जागी आहे, कुठे मोठी पोकळी पडलेली नाही, तर काम झालं. लोगो आणि मजकूर शेजारी-शेजारी हवे असतील तर दोन रकान्यांचं साधं टेबल वापरा. संकेतस्थळ बनवणाऱ्या तरुण मंडळींना टेबल म्हटलं की हसू येतं, पण फ्लोट आणि फ्लेक्स या मांडणीच्या पद्धती वर्डच्या इंजिनला कळत नाहीत, टेबल कळतं. लोगोवर लिंक दिली असेल तर बॉर्डर शून्य लिहा, नाहीतर काही जुन्या ठिकाणी भोवती निळी चौकट येते. लोगोखाली नकोशी फट पडली तर चित्राला ‘डिस्प्ले ब्लॉक’ द्या.

याच्या अगदी उलट टोकाला एक प्रकार आहे ज्याला मी ठाम विरोध करतो. नाव, नंबर, पत्ता, लोगो, सगळं एका सुंदर चित्रात बसवून तेच सिग्नेचर म्हणून वापरणं. डिझायनरला आवडतं, कारण त्याचा फाँट, त्याची मांडणी जशीच्या तशी राहते. पण त्या चित्रातल्या नंबरवर बोट ठेवून फोन लावता येत नाही, पत्ता कॉपी करता येत नाही, मेलबॉक्समध्ये तुमचा नंबर शोधला तर सापडत नाही, आणि पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध वाचकासाठी तर तिथे काहीच नसतं. चित्र बंद असलं की तुम्ही निनावी. त्यात भर म्हणजे स्पॅम गाळणाऱ्या यंत्रणांना चित्र मोठं आणि मजकूर जेमतेम अशा मेलचा संशय येतो. स्पॅमअसॅसिन या अशाच एका सॉफ्टवेअरमध्ये नेमके याच गुणोत्तराचे नियम आहेत. तुम्ही ‘हो, चालेल’ एवढंच उत्तर दिलंत आणि खाली भलंमोठं चित्र गेलं, तर मेल त्याच साच्यात बसतो.

गडद पार्श्वभूमीचा प्रश्न अलीकडे सगळ्यात जास्त विचारला जातो. फोन डार्क मोडमध्ये असला की मेल ॲप पांढरी पार्श्वभूमी काळी करतं आणि काळी अक्षरं पांढरी करतं. चित्राला मात्र हात लावत नाही. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवलेला काळा किंवा गडद निळा लोगो तिथे काळ्यावर काळा होतो. सिग्नेचरमधून यावर नियंत्रण ठेवण्याचा भरवशाचा मार्ग नाही, म्हणून इलाज फाइलमध्येच करावा लागतो. एक तर लोगोभोवती थोडी मोकळी जागा सोडून पांढरी पार्श्वभूमी चित्रातच भरायची. डार्क मोडमध्ये पांढरी चौकट दिसेल, पण लोगो वाचता येईल. किंवा अक्षरांना एक-दोन पिक्सेलची पांढरी कड द्यायची, जी पांढऱ्यावर दिसत नाही आणि काळ्यावर लोगो उचलून धरते. कड नीट जमली तर मला ती जास्त आवडते. लोगो मूळचाच नारंगी किंवा हिरवा असेल तर बहुधा काहीच करावं लागत नाही, दोन्हीकडे बघून घ्या म्हणजे झालं.

कधी लोगो असतो, कधी नसतो, असा लहरीपणा दिसला तर समोरच्याने पाठवलेला मूळ मेल बघा. तो साध्या मजकुरात असेल तर क्लासिक आउटलुक उत्तरही साध्या मजकुरातच सुरू करतं आणि लोगो गळून पडतो. वरच्या ‘फॉरमॅट टेक्स्ट’ मधून एचटीएमएल निवडलं की सिग्नेचर पुन्हा घालता येते. आउटलुकचा संदेश ‘रिच टेक्स्ट’ वर राहिला असेल तर आणखी मजा, समोरच्याला ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची न उघडणारी फाइल मिळू शकते. कायमची सेटिंग एचटीएमएल ठेवा.

लोक जास्त असतील, समजा पंचवीस-तीस जण, तर प्रत्येकाच्या संगणकावर जाऊन हे करणं टिकत नाही. कुणीतरी फाँट बदलतो, कुणीतरी खाली सुविचार टाकतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये एक्सचेंज या मेल सर्व्हरच्या मेल फ्लो नियमातून सर्व्हरवरच प्रत्येक बाहेर जाणाऱ्या मेलला सिग्नेचर जोडता येते. फोनवरून गेलेल्या मेललाही ती लागते, हा मोठा फायदा. पण मर्यादा माहीत असू द्या. मजकूर एचटीएमएल धरून ५००० अक्षरांत बसवावा लागतो, चित्र फक्त लिंकनेच देता येतं, सिग्नेचर तुमच्या उत्तराखाली न येता सगळ्या जुन्या संभाषणाच्या तळाशी जाते, आणि पाठवणाऱ्याला स्वतःच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये ती दिसत नाही. नियमात अपवाद घातला नाही तर एकाच संभाषणात ती पुन्हा पुन्हा चिकटत राहते. या तक्रारी नको असतील तर सिग्नेचर सांभाळणारी वेगळी सेवा घ्यावी लागते. गूगल वर्कस्पेसमध्ये जीमेलच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्राम लिहून सेटिंग बदलण्याच्या सोयीतून, प्रत्येक कर्मचाऱ्याची सिग्नेचर एका ठिकाणाहून भरता येते. ते काम करणारा माणूस हाताशी असेल तर मला हा मार्ग जास्त नीटस वाटतो, कारण सिग्नेचर लिहितानाच दिसते आणि योग्य जागी पडते.

इनबॉक्सच्या यादीत पाठवणाऱ्याच्या नावाशेजारच्या गोलात लोगो दिसतो, तो यातून येत नाही. त्यासाठी बीआयएमआय नावाची वेगळी व्यवस्था आहे, तिला डोमेनवर डीमार्क (तुमच्या नावाने येणारे खोटे मेल अडवणारी व्यवस्था) कडक करावं लागतं, लोगो खास प्रकारच्या एसव्हीजीमध्ये द्यावा लागतो आणि जीमेलसाठी प्रमाणपत्रही घ्यावं लागतं. सिग्नेचर कितीही बदलली तरी तो गोल बदलणार नाही.

सगळं झालं की तपासणी स्वतःकडे मेल पाठवून करू नका, म्हणजे फक्त तेवढ्यावर थांबू नका. एक मेल जीमेलला, एक क्लासिक आउटलुक असलेल्या ओळखीच्याला, एक डार्क मोडमधल्या फोनवर पाठवा. मग त्यांना उत्तर द्यायला सांगा, तुम्ही परत उत्तर द्या, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर काय दिसतंय ते बघा. पहिल्या मेलमध्ये निर्दोष असलेली सिग्नेचर उत्तरांच्या साखळीत मोडते, कारण मधला प्रत्येक प्रोग्राम तिचं एचटीएमएल आपल्या पद्धतीने पुन्हा लिहितो. रुंदी टॅगवर नसेल तर लोगो अचानक मोठा होतो तो बहुधा इथेच.

आणि कंपनीचा लोगो पुढेमागे बदलला तर जुन्या फाइलवर नवी फाइल चढवू नका. जीमेल चित्रं स्वतःच्या मध्यस्थ सर्व्हरवरून दाखवतं आणि तिथे जुनी प्रत साठवलेली असू शकते, त्यामुळे काहींना जुना, काहींना नवा असा गोंधळ होतो. रुंदी-उंचीचं प्रमाण वेगळं असेल तर जुन्या मेलमधला लोगो चेपटतो. नव्या लोगोला नवं नाव द्या, नव्या सिग्नेचरमध्ये तो पत्ता भरा आणि जुनी फाइल आहे तिथे राहू द्या.